प्रवासातल्यांचा कान

फाइलीतल्या पानांमध्ये जे जाड कागद घालतात ना, ज्यांची एक जीभ बाहेर डोकावते आणि त्या जिभेवर ‘बिलं’, ‘करार’, ‘इतर’ असं काहीबाही छापलेलं असतं, त्या जिभेला अंगेलच्या छापखान्यात ‘कान’ म्हणत. हे नाव कुणी पाडलं देव जाणे. पण अंगेलची मुलगी इलिंका बोलायला लागली तेव्हापासून त्या घरात कान छापले जात होते, कानांवर चकचकीत फिल्म चढत होती, कान कापले जात होते, आणि बाबा जेवताना खुशाल सांगायचा, “नगरपालिकेचे कान कापले एकदाचे आज!” नवखा पाहुणा असला की त्याचा घास घशातच अडकायचा.

असा हा छापखाना. एक छपाईचं जुनं मशीन, एक फिल्म चढवायचं, एक कान कापायचं, आणि माणसं दोन: अंगेल आणि झेनोविया मावशी. शाळा सुटल्यावर तिसरी इलिंका.

या हिवाळ्यात इलिंकाला एक मोठ्ठा शोध लागला होता, तो म्हणजे, आपल्याला जमतं! गेल्या वर्षापर्यंत गिऱ्हाईक आलं की ती कागदाच्या गठ्ठ्यामागे लपायची. मग शाळेच्या नाटकाचं पोस्टर तिनं केलं, मुख्याध्यापिकाबाईंनी ते थेट फाटकावर लावलं, येणारे-जाणारे थांबून बघू लागले, आणि इलिंकाच्या अंगात वारंच शिरलं. ती केस आखूड कापून आली. वर्गात हात वर करायला लागली, उत्तर येत नसलं तरी. बसमध्ये अनोळखी माणसांशी बोलायला लागली. बाबा म्हणायचा, “पूर्वी हिला बोलतं करावं लागायचं, आता गप्प करायला पैसे द्यावे लागतील.”

बाहेर मात्र फेब्रुवारी होता. सिरेत नदीवरून उठलेलं धुकं दुपार झाली तरी गावाच्या छातीवरून उठत नव्हतं. रस्त्याकडेचा बर्फ कोळशासारखा काळा पडला होता. आणि संध्याकाळी घरांकडे बघावं तर निम्म्या खिडक्या अंधाऱ्या, कारण माणसं इटलीत. टोमॅटो तोडायला, विटा रचायला, दुसऱ्यांचे म्हातारे सांभाळायला. इलिंकाची आई रुक्सांद्रासुद्धा बोलोन्यात एका आजारी बाईंना आंघोळ घालत होती, भरवत होती. रविवारी ती फोनच्या पडद्यावर दिसायची, नेहमी थोडी निळसर, नेहमी मागे कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज.

अशाच एका धुकट दुपारी फादर इफ्तिमी बुटांवरचा चिखल आपटत छापखान्यात शिरले. कुशीत बुटांचं एक खोकं.

“अंगेल, हे बघ. हे माझं गाव.”

खोक्यात चिठ्ठ्या होत्या. शेकड्यांनी. गावातल्या प्रत्येक घराच्या दोन: एक लाल क्रूसाची, घरातल्या जिवंत माणसांची, तब्येतीसाठी वाचायची, एक काळ्या क्रूसाची, गेलेल्यांची, त्यांच्या आत्म्याला शांती मिळावी म्हणून वाचायची. चर्चमध्ये बसलेली बाई आपल्या घरातली नावं येईपर्यंत जीव मुठीत धरून ऐकते. आणि एकदा का जिवंताचं नाव मेलेल्यांत वाचलं गेलं, तर... छे, त्याबद्दल कुणी बोलतसुद्धा नाही, तीनदा थुंकतात.

इलिंकाला हे दुधाच्या दातांपासून ठाऊक होतं. चर्चच्या ओसरीत मेणबत्त्यांसाठी वाळूनं भरलेले पत्र्याचे दोन खण आहेत, वरचा जिवंतांचा, खालचा मेलेल्यांचा. लहानपणी तिनं एकदा आईच्या नावाची मेणबत्ती चुकून खाली लावली होती, तर झेनोविया मावशीनं असा हात ओढला होता तिचा! “काढ, काढ! खालचा मेलेल्यांचा! फुंकर मारू नकोस, बये, चिमटीनं विझव!”

“माझे डोळे गेले,” फादर म्हणाले, “आणि मागच्या रविवारी खोकं हातातून पडलं. अर्धा तास मी गुडघ्यावर बसून गाव गोळा करत होतो. मला एक मोठी फाइल करून दे बाबा. गल्लीवार. गल्लीचं नाव, मग जिवंत, मग मृत. मोठ्या अक्षरांत.”

“मी करणार!” इलिंका पेन्सिल घेऊन उभीच.

“तू?” फादर हसले. “पोस्टरवाली?”

“पोस्टरवाली. फादर, असे कान करते की आंधळ्यालाही दिसतील.”

“आंधळ्यालाच दाखवायचेत,” फादर म्हणाले.

बाबानं खांदे उडवले. “कर. पण रंग दोनच, लाल आणि काळा. तिसरा रंग म्हणजे मशीन पुन्हा धुवा, आणि धुवायला मी तुझ्या आईला इटलीहून बोलावणार नाही.”

आता गंमत अशी, की कान कापायचा साचा पाचांचा. वरून खाली पाच जागा, म्हणून कागदही पाचांच्या संचात निघतात. तुम्हाला तीन हवे असले तरी पाच होतात आणि उरलेले दोन कोरे कान रद्दीत जातात. गल्लीचं नाव एक, जिवंत दोन, मृत तीन. इलिंका संगणकासमोर बसून त्या दोन कोऱ्या कानांकडे बघत राहिली. कोरी जागा तिला अलीकडे बघवतच नसे.

आणि मग तिला आई आठवली. फादर दर रविवारी म्हणतात की नाही, ‘जे प्रवासात आहेत, समुद्रावर, जमिनीवर, हवेत, त्यांच्यासाठी प्रार्थना करू या’? मग त्यांना कान का नको? जिवंत आणि मृत यांच्या मध्ये एक कान: ‘प्रवासात’. पाचवा कोराच राहू दे, गल्लीच्या शेवटी. सगळे गेलेले नव्हेत, सगळे दूर असलेले! त्यांची वेगळी पानं, त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना. ती खुर्चीतून उठून नाचली. खरोखर नाचली. झेनोविया मावशी फिल्मच्या मशीनमागून म्हणाली, “काय गं, मुंगी चावली?”

“मावशी, तू पण ऐक!”

झेनोविया ऐकत होती, पण हात थांबले नव्हते. ती कागदाची कड गरम रोलरांमध्ये सोडायची, पलीकडून चकचकीत कड बाहेर यायची, आणि प्रत्येक कागद ती अंगठ्यानं एकदा दाबून बघायची. मशीनच्या डोक्यावर भिंतीत विजेचं सॉकेट होतं, तिथं तिचा फोन कायम चार्जिंगला लावलेला असायचा, पडदा वर करून. का, ते सगळ्या गावाला माहीत होतं. तिचा नवरा गाव्रिल सिसिलीला काचघरांत टोमॅटो तोडायला गेला, मग तिथून एका मासेमारीच्या होडीवर लागला असं सांगणारा एक फोन आला, आणि मग काही नाही. तिसरं वर्ष चालू होतं. वकिलातीला लिहून झालं, पोलिसांना लिहून झालं. गावात दोन मतं होती. एक, बुडाला. दुसरं, बुडाला कसला, एखाद्या इटालियन बाईकडे राहिला असेल, मजेत. अग्लाया नावाची शेजारीण तर दुकानात सगळ्यांसमोर म्हणाली होती, “अगं, पुरुष समुद्रात बुडतात त्याच्यापेक्षा बायकांत जास्त बुडतात.” झेनोवियानं पाव घेतला, सुट्टे घेतले आणि निघून गेली होती. आणि जिवंतांच्या चिठ्ठीत गाव्रिलचं नाव दर महिन्याला नव्यानं लिहीत राहिली होती.

इलिंकाचं सांगून झालं तेव्हा मशीन थांबलं होतं.

“प्रवासात,” झेनोविया म्हणाली. एवढंच. मग एप्रनला हात पुसून संगणकाजवळ आली आणि तो शब्द पडद्यावर बोटानं शिवून बघितला. “हे बरं आहे. जिवंत लिहिताना माझा हात अडखळतो, पोरी. खोटं लिहितेय असं वाटतं. प्रवासात, हे कसं... हे कुणी खोटं नाही म्हणणार.”

इलिंकाला इतका आनंद झाला की तिनं मावशीच्या गालाचा मुका घेतला.

“पण रंग?” झेनोविया म्हणाली. “काळा का केलास?”

“अगं, तोल! वरून दोन लाल, मग दोन काळे. तीन लाल केले तर फाइल पुढच्या बाजूला जड दिसते. बघ, कशी उठून दिसतेय आता.”

झेनोविया पुन्हा मशीनकडे वळली. “तू बघ बाई. तुला कळतं त्यातलं.”

बाबालाही आवडलं. फादर तर भारावूनच गेले. म्हणाले, चाळीस वर्षं मी ही प्रार्थना म्हणतोय आणि मला सुचलं नाही. पुढच्या रविवारी ओसरीत टेबल मांडून बायकांची ही गर्दी! कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाचे दोन्ही जावई, सगळे आपापल्या गल्लीतल्या मधल्या कानामागे गेले. अग्लायानं आपल्या साविनचं पान लिहिलं, साविन तोरिनोत छपरं घालतो, आणि पानाच्या कोपऱ्यात एक विमानसुद्धा काढलं. इलिंकानं आईचं नाव लिहिलं. गिरणीच्या गल्लीत झेनोवियानं स्वतःच्या हातानं गाव्रिलचं पान लावलं, कड्या टक्कन मिटल्या, आणि ती म्हणाली, “बस तिथं आता निवांत.” जवळच्या दोघीजणी हसल्या. ती पण हसली. इलिंकानं तिला हसताना कितीतरी दिवसांनी पाहिलं होतं.

इलिंका घरी गेली ती उड्या मारतच. काळ्या बर्फातून, धुक्यातून, गाणं म्हणत.

लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या लांब उपासाआधी मृतांचा शनिवार येतो. त्या दिवशी गावातली प्रत्येक बाई उकडलेल्या गव्हाचा कोलिवा करते, वर पिठीसाखर, अक्रोड, आणि साखरेवर काळ्या गोळ्यांनी काढलेला क्रूस. ताटं घेऊन चर्चमध्ये यायचं, मृतांची नावं वाचून व्हायची, मग तो गहू सगळ्यांना वाटायचा. वर्षातला सगळ्यात लांब, सगळ्यात थंड सकाळचा कार्यक्रम. आणि त्याच्या दोनच दिवस आधी फादर इफ्तिमी चर्चच्या पायऱ्यांवरून घसरले, खुबा मोडला, जिल्ह्याच्या दवाखान्यात पडले.

त्यांच्या जागी पलीकडच्या गावचा तरुण पाद्री आला. भला माणूस, पण त्याचं स्वतःचं गाव, स्वतःचे मृत खोळंबलेले. त्यानं ओसरीतूनच फादरना फोन लावून विचारलं, फाइल कशी वाचायची. दवाखान्यातून फादर, औषधांच्या गुंगीत, जन्मभर जे सांगत आले तेच बोलले: “सोपं आहे. लाल जिवंत, काळे मृत. आज फक्त काळे.”

इलिंका बाबाशेजारी उभी होती, पाय गारठलेले, नाकात मेणाचा आणि साखरेचा वास. पाद्रीनं घाईनं फाइल उघडली. वाचायची रीत ठरलेली: गल्लीचं नाव, घराचं नाव, माणसांची नावं, आणि प्रत्येक घराच्या नावांनंतर बायकांचा दबका आवाज, “देव त्याला क्षमा करो,” मेलेल्या माणसाचं नाव ऐकलं की तोंडातून आपोआप निघतो तो. पहिली गल्ली नदीची. इलिंका फाइलीकडेच बघत होती, अभिमानानं, काय सुंदर दिसताहेत कान, अगदी उठून! पाद्रीनं लाल ओलांडला. पाद्रीचं बोट काळ्यावर आलं.

पहिल्या काळ्यावर.

मधल्या.

तिला ओरडायचं होतं. पण आवाज कुठे होता? इतके दिवस धबधब्यासारखी बोलणारी ती मुलगी नुसती तोंड उघडून उभी होती. आणि पाद्री वाचत होता, “...साविन...”

ताट खाली पडल्याचा आवाज झाला. “माझा साविन?” अग्लाया किंचाळली. “अहो, तो जिवंत आहे! थुंका! थुंका आधी!”

पाद्रीला वाटलं दुःखानं बाई बेभान झाली. असं मृतांच्या शनिवारी कुणीतरी होतंच. त्यानं मान खाली घालून आणखी भरभर वाचलं. गिरणीची गल्ली आली. “...रुक्सांद्रा...” आईचं नाव! बाबानं इलिंकाचा हात इतका आवळला की बोटं पांढरी पडली. “...गाव्रिल...” आणि मग सगळं चर्चच उसळलं, बायका वेदीकडे धावल्या, कुणी फाइलच हिसकावली, आणि तो तरुण पाद्री पांढराफटक होऊन म्हणत राहिला, “पण काळा होता, मला काळा सांगितला होता...”

त्यानंतर अंगणात जे झालं तसं गावानं कधी पाहिलं नव्हतं. धुक्यात, बर्फात, एका हातात कोलिवाचं ताट आणि दुसऱ्या हातात फोन, चाळीसेक बाया एकदम ओरडत होत्या.

“साविन! साविन, बोल! जिवंत आहेस ना?”

फोन मोठ्या आवाजावर होता. “आई, मी छपरावर आहे. काय झालंय?”

“उतर खाली! आत्ताच्या आत्ता उतर!”

“आई, मुकादम बघतोय.”

“त्याला सांग तू मेलायस, तासभर सुट्टी दे!”

इलिंकाला आकडे दिसेनात. बाबानंच फोन लावला. वाजला, वाजला, वाजत राहिला. मग आई. निळसर. मागे खोकला.

“काय गं, शनिवारी कशी? मी बाईंना न्हाऊ घालतेय. रडतेस का? अंगेल, ही रडतेय का?”

“काही नाही,” बाबा म्हणाला. “तुझं तोंड बघायचं होतं.”

एकेक फोन लागत गेला. एकेक बाई खाली बसत गेली, ओल्या पायऱ्यांवर, बाकावर, रडत, हसत, शिव्या देत. एका मुलीचा फोन कितीतरी वेळ लागेना, तिची आई वेड्यासारखी फिरत राहिली, मग लागला. रात्रपाळी करून झोपली होती. तीही बसली.

उभी राहिली ती फक्त झेनोविया. भिंतीशी, फोन मुठीत, पण कानाला नाही.

इलिंका तिच्यापाशी गेली. “मावशी, लाव ना.”

“कुणाला?”

“लाव गं. आज लागेल, बघ. सगळ्यांचे लागले.”

झेनोवियानं तिच्याकडे बघितलं, लहान मुलाचा हट्ट पुरवतात तसं, आणि लावला. धुक्यात एका बाईचा आवाज आला, इटालियनमध्ये, गोड, ध्वनिमुद्रित: हा क्रमांक आता वापरात नाही. झेनोवियानं वाक्य पूर्ण होईपर्यंत ऐकलं. तिला ते पाठ होतं, ओठ हलत होते.

सोमवारी अग्लाया छापखान्यात आली, आणि तिच्यामागे आणखी तिघी.

“कुठाय आमची कलाकार? शाई पुरली का गं, की आणखी कुणाला मारायचंय?”

“छापखाना माझा आहे, अग्लाया,” बाबा पुढे झाला. “चूक माझी.”

“तुझी कशी? तुला इतकं सुचतं का?”

इलिंका कागदाच्या गठ्ठ्यामागे होती. लपली नव्हती, उभी होती, पण तिला वाटलं आपण तिथंच वाढलो आणि तिथंच परत आलो. “मी केलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, छान दिसेल.”

“छान दिसेल!” अग्लायानं हात जोडून छताकडे पाहिलं. मग एकदम तिचा आवाज बसला. “बरं, जाऊ दे. म्हणतात, जित्याला मेला म्हटलं की त्याचं आयुष्य वाढतं. वाढू दे मेल्याचं. पण मधला कान मला नको. माझा साविन जिवंतांत लावायचा. लालमध्ये. आजच.”

तेच सगळ्यांचं. फादरनी दवाखान्यातून निरोप धाडला, की देवाला वाचता येतं, तो रंगावर जात नाही, पण देवाचं कुणी विचारलं होतं? इलिंकानं सगळे मधले कान नव्यानं छापले, लाल. झेनोवियानं त्यांच्यावर फिल्म चढवली. त्या दोन दिवसांत ती फक्त कागद अंगठ्यानं दाबत राहिली. इलिंकाला वाटत होतं, तिनं ओरडावं, थोबाडीत मारावी. ती नुसती रोलरमध्ये कागद सोडत होती. फोन भिंतीला लावलेला होता.

बुधवारी इलिंका नवे कान घेऊन चर्चच्या ओसरीत बसली. बायका रांगेनं येत, आपलं पान मधून काढून पुढे लावत, कड्या मिटत, क्रूस करत. अग्लायाचं विमानही पुढे गेलं. बाबा आला आणि आईचं पान पुढे घेऊन गेला, इलिंकाकडे न बघता. तिनंही मान वर केली नाही. संध्याकाळपर्यंत रांग संपली. इलिंकानं जुने काळे मधले कान काढून पिशवीत भरले, नवे घातले, आणि गल्लीमागून गल्ली बघत गेली. नदीची गल्ली: मधल्या लाल कानामागे काही नाही. शाळेची गल्ली: काही नाही. काय सुंदर छापला होता शब्द, आणि त्याच्यामागे मोकळं. सगळ्या गावात ‘प्रवासात’ फक्त एक पान उरलं होतं.

“एकटाच राहिला ना?” पाठीमागून झेनोविया म्हणाली.

तिच्या कोटावर धुक्याचे थेंब होते. ती बाकावर बसली, हातमोजे काढले, पण पानाला हात लावला नाही.

“त्यालाही पुढे घेऊ, मावशी,” इलिंका घाईघाईनं म्हणाली. “जिवंतांत. पहिल्यासारखं. मी लावते.”

“थांब.” झेनोविया समोरच्या खणांकडे बघत होती. वरच्या खणात बायकांनी दिवसभर लावलेल्या मेणबत्त्या दाटीवाटीनं जळत होत्या. “तुला एक सांगते. कुणाला बोलू नकोस. बाबालाही नाही.”

“नाही बोलणार.”

“त्या दिवशी त्यानं नावं वाचली. अग्लाया किंचाळली, तो जिवंत आहे म्हणून. सगळ्या तेच ओरडल्या. तू पण तोंड उघडलं होतंस, मी बघितलं. आणि माझ्या गाव्रिलचं नाव वाचलं तेव्हा,” ती थांबली, “तेव्हा माझं तोंड म्हणालं, देव त्याला क्षमा करो. आपोआप. मी म्हणाले नाही, तोंडच म्हणालं. आणि पोरी, म्हटल्यावर मला... श्वास आला. इतक्या वर्षांनी पोटापर्यंत श्वास आला.”

इलिंका बाकावर तिच्याजवळ सरकली.

“तो जिवंत असेल,” झेनोविया म्हणाली, “तर मला एक उत्तर देणं लागतो. रोज सकाळी उठून मी ते मागते. मेला असेल तर काही देणं लागत नाही. मी दमले गं मागून.”

“पण आपल्याला माहीत नाही ना, मावशी! माझ्या रंगामुळे तू असं... ही माझी चूक आहे. माझ्या चुकीवरून तू त्याला...” ती रडायला लागली. मग एकदम तिला सुचलं; या मुलीला नेहमी सुचायचंच. “हा बघ, पाचवा कान! कोरा आहे. तो कुणीच वाचत नाही. याच्यामागे ठेवू. ना इकडे, ना तिकडे. जोवर कळत नाही तोवर.”

झेनोवियानं तो कोरा कान अंगठ्यानं दाबून बघितला. फिल्म नीट बसली होती.

“आणि मग त्याचं नाव कोण घेईल?”

इलिंकानं बाहीनं डोळे पुसले.

“एकदाही कुणी घेणार नाही. ना तब्येतीसाठी, ना शांतीसाठी. नाही गं. वाचला गेला पाहिजे तो.” तिनं कड्या उघडल्या. पान काढलं. ते थोडं वाकलं होतं, तिनं ते मांडीवर सरळ केलं, दोनदा, तीनदा. मग ते इलिंकाच्या हातात दिलं. “तू लाव. माझ्याच्यानं नाही होणार.”

“मी?”

“तुला जमतं.”

हे दोन शब्द इलिंकानं सगळा हिवाळा स्वतःशी म्हटले होते. आता ते ऐकून तिला कुठेतरी पळून जावंसं वाटलं. ती पळाली नाही. तिनं चौथा कान उलटला, काळा, तिनंच छापलेला, तिनंच निवडलेली मोठी अक्षरं, आणि त्याच्यामागे, गाव्रिलच्या आईबापाच्या पानाशेजारी, त्याचं पान ठेवलं. कड्या मिटल्या. ओसरीत तो आवाज फार मोठा झाला.

झेनोवियानं खिशातून एक मेणबत्ती काढली, वरच्या खणातल्या एका ज्योतीवर पेटवली. सवयीनं तिचा हात वरच्या वाळूकडेच गेला. तिथं तो थांबला. मग ती वाकली, गुडघ्यावर हात टेकवून, आणि मेणबत्ती खाली रोवली.

या वेळी कुणी कुणाचा हात ओढला नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्याच्या फायलींचं काम आलं. इलिंका संगणकासमोर बसली होती, पण कानांवर कोणता रंग द्यावा ते तिला ठरवता येईना. ती लाल करायची, पुसायची, पुन्हा काळा करायची. दार उघडलं. झेनोवियानं कोट काढला, एप्रन बांधला, मशीन गरम व्हायला लावलं. मग तिनं खिशातून फोन काढला, पडदा बाहीनं पुसला आणि नेहमीच्या जागी भिंतीला लावला, पडदा वर करून.

इलिंकानं ते पाहिलं. झेनोवियानं तिला पाहताना पाहिलं.

“बघतेस काय,” ती म्हणाली. “कागद आण.”